रानपिंगळ्याचा धडा

घुबड हा शब्द आपल्या भाषेत पक्ष्याच्या नावापेक्षा शिवी म्हणूनच अधिक झिजला आहे. वास्तविक आपल्या परंपरेने या पक्ष्याला एकच एक भूमिका दिलेली नाही. पंचतंत्राचे एक संपूर्ण तंत्र कावळे आणि घुबडे यांच्या वैरावर उभे आहे. कणादाच्या वैशेषिक दर्शनाला औलूक्य दर्शन असेही नाव आहे. आणि लक्ष्मीचे वाहन म्हणून उलूकाला मान आहे. परंतु व्यवहारात उरले ते भय. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड उचलून नेते व घाशीत बसते आणि दगड झिजेल तसतसा मारणारा माणूस झिजत जातो, ही समजूत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. या समजुतीने काही घुबडांचे प्राण वाचलेही असतील. पण ज्याचे भय वाटते त्याच्याकडे माणूस निरखून पाहत नाही, हेही तितकेच खरे.

आता काळ पालटला आहे. शहरांतील सुशिक्षित तरुण सुट्टीच्या दिवशी दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन रानात जातो आणि घुबड दिसले तर धन्य होतो. हा पालट स्वागतार्ह आहे. मात्र भयाची जागा हौसेने घेतली म्हणजे पाहणे आपोआप साधते, असे नव्हे. पाहण्यालाही एक शिस्त लागते. ती नसेल तर काय होते आणि असेल तर काय हाती लागते, याचा धडा आपल्याच सातपुड्यातील एका लहानशा घुबडाने जगाला दिलेला आहे. त्या घुबडाचे नाव रानपिंगळा.

रानपिंगळ्याचा पहिला नमुना १८७२ साली ब्लुइट या इंग्रज अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडच्या भागात मिळविला आणि पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात आणखी काही नमुने गोळा केले. त्यांतला शेवटचा १८८४ सालचा. एवढे झाल्यावर हा पक्षी जणू पृथ्वीच्या पोटात गडप झाला. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या थोर पक्षितज्ज्ञांनी शोध घेतला, तोही निष्फळ ठरला. पक्षी नामशेष झाला असावा, असे पुष्कळांनी मनाशी ठरवून टाकले.

या शोधांच्या आड एक खोटी नोंद उभी होती. रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आपण १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ रानपिंगळा मिळविल्याचे सांगितले होते व तसा नमुनाही त्याच्या संग्रहात होता. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी या जातीचे जगभरच्या संग्रहालयांतील सारे नमुने तपासले, तेव्हा निष्पन्न झाले ते असे की, तो नमुना डेव्हिडसनच्याच संग्रहातला होता. लंडनच्या संग्रहालयातून तो चोरून, पुन्हा पेंढा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी चिकटविण्यात आली होती. एका माणसाच्या प्रतिष्ठेच्या हव्यासापायी पुढच्या शोधकांचे श्रम भलत्याच रानात खर्ची पडले.

खोटी नोंद बाजूला सारून, अस्सल चिठ्ठ्यांवरील ठिकाणे प्रमाण मानून, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये भारतात आले. आधीच्या ठिकाणी निराशा पदरी घेऊन ते शहाद्याजवळच्या टेकड्यांत पोहोचले, आणि २५ नोव्हेंबरच्या सकाळी, लख्ख उजेडात, एका निष्पर्ण झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांच्या दृष्टीस पडला. तब्बल ११३ वर्षांनी! शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. नंतरच्या वर्षांत मेळघाट, यावल, मध्य प्रदेशातील खांडव्याकडचा मुलूख, दक्षिण गुजरात आणि २०१४ साली थेट मुंबईच्या उंबरठ्यावरील तानसा अभयारण्य येथूनही त्याच्या नोंदी झाल्या. २०१८ साली त्याचे स्थान अतिसंकटग्रस्त या वर्गातून संकटग्रस्त या वर्गात आले. पक्षी एकाएकी वाढले असे त्यावरून समजू नये. पाहणारे वाढले आणि पाहणे सुधारले, हे त्यामागचे मोठे कारण होय.

या कथेतून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, निरीक्षणात प्रामाणिकपणा हा केवळ नीतीचा नव्हे, तर ज्ञानाचाही पाया आहे. दुसरी अशी की, आपण ठरवून ठेवलेल्या कल्पनेच्या चौकटीतच पाहू लागलो तर डोळ्यांसमोरचेही दिसत नाही. घुबड म्हणजे निशाचर, ही ती चौकट. रानपिंगळा मात्र दिवसाउजेडी शिकार करणारा. सरडे, साप-सुरळ्या, उंदीर हे त्याचे भक्ष्य. सागाच्या विरळ रानात उंच शेंड्यावर उघडपणे बसण्याची त्याची सवय. गावाजवळच्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे असते. एवढ्या फरकासाठी नजर थांबावी लागते. ‘पिंगळा असेल’ म्हणून पुढे निघून जाणाऱ्याला रानपिंगळा कधीच दिसत नाही.

सामान्य वाचक म्हणेल, सातपुड्यात आम्ही कशाला जाऊ? त्याचे कारणही नाही. घुबडांचा शोध आपल्या गावापासून सुरू करता येतो आणि त्याला खर्च जवळजवळ शून्य येतो. जुन्या वाड्याचा माळा, देवळाचे शिखर, ओसाड गिरणी ही गव्हाणी घुबडाची वस्तीस्थाने. जुन्या आंब्याच्या किंवा वडाच्या ढोलीत पिंगळ्याचे जोडपे असते. ओढ्याच्या दरडीत, दगडखाणीच्या कपारीत शिंगांसारखे पिसांचे तुरे असलेले मोठे शृंगी घुबड बसते. नदीकाठच्या दाट झाडीत मत्स्य घुबड. खडकावर किंवा खोडाखाली शिटेचे पांढरे ओघळ दिसले की वर पाहावे. दिवसा कावळे, बुलबुल, कोतवाल एकाच झाडाभोवती आकांत करू लागले की त्या झाडात बहुधा घुबड असते. काकोलूकीय वैर ही केवळ ग्रंथातली गोष्ट नाही, ती शोधकाची वाटाडी आहे.

त्याहूनही विश्वासू खूण म्हणजे झाडाखाली पडलेल्या राखाडी गोळ्या. घुबड भक्ष्य बहुधा सगळेच्या सगळे गिळते आणि न पचलेली हाडे, केस व किटकांची कवचे यांची गोळी करून तोंडावाटे टाकते. अशी एक गोळी पाण्यात भिजवून चिमट्याने उकलली तर उंदरांच्या कवट्या आणि जबडे स्पष्ट मोजता येतात. कोणत्याही शाळेतील शिक्षकाला, प्रयोगशाळा नसतानाही, विद्यार्थ्यांच्या हाती देता येईल असा याहून चांगला प्रयोग सांगता येणार नाही. शेतकऱ्याचा मित्र म्हणून घुबडाचे गुणगान करणारे दहा निबंध लिहून घेण्यापेक्षा, एका गोळीत उंदरांच्या किती कवट्या निघाल्या हे मुलाने स्वतः मोजणे अधिक मोलाचे आहे. मलेशियातील तेलताडाच्या बागांत आणि इस्रायलच्या शेतांत गव्हाणी घुबडांसाठी मुद्दाम पेट्या लावून उंदरांना आळा घालण्याचे प्रयत्न झाले. त्यांचा पाया असाच मोजणीचा आहे.

तथापि घुबड शोधण्याचे मुख्य साधन डोळा नसून कान आहे. पहाटेच्या काळोखात दारी येणारा, पिंगळ्याची भाषा आपल्याला कळते असे सांगणारा पिंगळा जोशी आपण भविष्यवेत्ता म्हणून ओळखला; पण त्याच्या धंद्याच्या मुळाशी कान देऊन ऐकण्याची एक सवय होती, ती आपण हरवली. स्वतः घुबडही कानावरच जगते. गव्हाणी घुबडाच्या कानांची छिद्रे एका पातळीत नसतात, एक थोडे वर तर दुसरे थोडे खाली. त्याचा तबकडीसारखा चेहरा आवाज गोळा करून कानाकडे वळवितो. रॉजर पेन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, संपूर्ण अंधाऱ्या खोलीत केवळ पाचोळ्यातील सळसळीवरून हे घुबड उंदीर अचूक पकडते, असे दिसून आले. पंखांच्या कडेला असलेली झालर आणि मखमली पृष्ठभाग यांमुळे त्याचे उडणे जवळजवळ निःशब्द असते. डोळे खोबणीत स्थिर असल्यामुळे ते मानच जवळजवळ पाऊण वर्तुळभर फिरवते.

ही शरीररचना ध्यानात घेतली की आजच्या हौसेतील दोष आपोआप उघड होतात. अंधाराला सरावलेल्या, पूर्ण उघडलेल्या बाहुलीवर प्रखर झोत टाकणे म्हणजे त्या पक्ष्याला काही काळ आंधळे करणे होय. ध्वनिमुद्रित हाक वाजवून घुबडाला जवळ बोलावण्याची प्रथा त्याहून घातक आहे. आपल्या हद्दीत परका नर शिरला, अशा समजुतीने घरधनी शिकार सोडून त्याच्यामागे धावतो; आपल्याला छायाचित्र मिळते, ढोलीतली पिले उपाशी राहतात. एखाद्या घरट्याचे ठिकाण एकाने जाहीर केले की पुढच्या रविवारी तेथे वीसजण हजर असतात, आणि प्रत्येकजण ‘मी एकटाच तर आहे’ असे म्हणत असतो.

यावर आक्षेप घेतला जातो तो असा की, छायाचित्रांमुळेच लोकांच्या मनातील भय गेले, घुबडांविषयी आपुलकी वाढली. मग छायाचित्रकारांनाच का दोष द्यावा? या म्हणण्यात तथ्य आहे. पुरंदर तालुक्यातील पिंगोरी या गावी २०१८ साली इला फाउंडेशनने भरविलेल्या उलूक महोत्सवाने शाळकरी मुलांच्या मनातला भयगंड दूर करण्यास मोठी मदत केली आणि त्यात चित्रांचा, छायाचित्रांचा वाटा होताच. आक्षेप छायाचित्राला नाही. घरट्याच्या दारातल्या छायाचित्राला आहे, हाकेने फसवून काढलेल्या छायाचित्राला आहे. ज्या चित्राची किंमत पक्ष्याने मोजली, त्या चित्रातून पक्ष्यावर प्रेम करायला शिकणे हा विरोधाभास आहे.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून अस्तित्वात आहे आणि घुबडांची शिकार व विक्री हा गुन्हा आहे. तरीही जादूटोणा, गुप्तधन आणि दिवाळीच्या सुमारास होणारे अघोरी विधी यांपायी घुबडांचा चोरटा व्यापार चालतो. देशभरातील या व्यापाराचे स्वरूप ‘ट्रॅफिक इंडिया’च्या २०१० सालच्या अहवालाने तपशीलवार उघड केले. ज्या लक्ष्मीचे ते वाहन, तिच्याच पूजेच्या दिवसांत त्याचा बळी द्यावा, ही विसंगती आपल्या समाजाने फार काळ सोसली. घरट्याचे नेमके ठिकाण चारचौघांत जाहीर करणारा निसर्गप्रेमी नकळत या व्यापाऱ्यांच्या हाती नकाशा देत असतो. ठिकाणाची नोंद अवश्य व्हावी, पण ती वनखात्याकडे, अभ्यासकांकडे, स्वतःच्या वहीत, बाजारात नव्हे.

कोणी विचारील, एकीकडे नोंद प्रामाणिक व पूर्ण असावी म्हणता आणि दुसरीकडे ठिकाण गुप्त ठेवा म्हणता, हे कसे जुळावे? विसंगती वरवरची आहे. माइनर्ट्झहॅगनने खोटे लिहिले आणि ते मिरविले. खऱ्या निरीक्षकाने नेमके उलट करावे: खरे लिहावे आणि मिरवू नये. तारीख, वेळ, झाड, हवामान, पक्षी काय करीत होता, हे सारे वहीत असावे. शंका असेल तेथे शंका असे लिहावे. डेव्हिडसनच्या चिठ्ठ्यांवर गावाचे नाव व तारीख चोख होती म्हणून शंभर वर्षांनंतरही त्या उपयोगी पडल्या. आज एखाद्या कारकुनाने किंवा विद्यार्थ्याने आपल्या गावच्या पिंगळ्याविषयी ठेवलेली वही उद्या कुणाला कुठली वाट दाखवील, ते आज सांगता येणार नाही.

शासनाकडूनही अपेक्षा आहेत, पण त्या अवास्तव नाहीत. रस्ता रुंद करताना जुने वड, आंबे तोडले जातात व त्यांच्या जागी रोपे लावल्याचे आकडे दिले जातात. रोपाला ढोली नसते. ती पडायला कित्येक दशके जावी लागतात, हे त्या आकड्यांत कुठेच दिसत नाही. तोडीपूर्वी ढोल्यांची पाहणी व्हावी, एवढी मागणी जड नाही. सातपुड्यात आणि मेळघाटात रानपिंगळ्याचे रान आणि आदिवासींचे जगणे एकमेकांत गुंतलेले आहे. तेथील तरुणांना वाटाडे म्हणून राबविण्याऐवजी निरीक्षक म्हणून नेमावे, त्यांच्या नोंदींना त्यांचे नाव व मोबदला मिळावा. ज्यांच्या अंगणात पक्षी आहे त्यांचा सहभाग नसेल तर संरक्षण कागदावरच राहील.

रानपिंगळा ११३ वर्षे हरवला होता, असे आपण म्हणतो. वस्तुतः तो आपल्या सागाच्या शेंड्यावर, भर उन्हात, शेपटी हलवीत बसलेलाच होता. हरवली होती ती आपली नजर. चुकीच्या चिठ्ठीने आणि चुकीच्या समजुतीने. ती सापडली तशी टिकवायची असेल, तर घुबडाकडे जाताना झोत आणि हाक घरी ठेवावी. वही, कान आणि संयम बरोबर न्यावेत.