आर्वीतल्या पालकांची एकमेकांशी ओळख कोण करून देणार?

दरवर्षी शाळा यूडायसची माहिती भरतात तेव्हा त्यात विशेष गरजा असलेल्या मुलांचाही रकाना असतो. प्रत्येक शाळा तो भरते, माहिती गटसाधन केंद्रात गोळा होते, तिथून जिल्ह्याला आणि पुढे राज्याला जाते. म्हणजे आर्वी तालुक्यातल्या कोणत्या गावात स्वमग्न मुलगा आहे, कुठल्या वर्गात कमी ऐकू येणारी मुलगी बसते, सेरेब्रल पाल्सी असलेलं लेकरू कोणत्या घरात आहे, हे निदान पटावरच्या मुलांपुरतं तरी शासनाला ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते त्या मुलांच्या आईवडिलांना. रोहण्याची आई आणि खरांगण्याची आई वर्ध्याच्या सामान्य रुग्णालयात प्रमाणपत्रासाठी एकाच रांगेत उभ्या राहून आल्या असतील, पण त्या एकमेकींना ओळखत नाहीत. ही ओळख करून देणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नाही. माझ्या मते ते असायला हवं. श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, विशेष शिक्षक या जशा सेवा आहेत, तशीच पालकांना पालक भेटवून देणं हीसुद्धा एक सेवा आहे. ती सगळ्यांत स्वस्त आहे, आणि तालुक्याच्या गावात तिची गरज शहरापेक्षा जास्त आहे.

शहरात हे काम आपोआप होतं. विशेष शाळेच्या फाटकापाशी, थेरपी केंद्राच्या बाकावर पालक रोज भेटतात, बोलतात, आणि त्या बोलण्यातून काहीतरी उभं राहतं. डोंबिवलीजवळच्या खोणी गावातलं 'घरकुल' अमेय पालक संघटनेनं उभं केलं. बदलापूरची 'आधार' ही प्रौढ मतिमंद मुलांचा कायमचा सांभाळ करणारी संस्थाही पालकांनीच एकत्र येऊन काढली. आपल्यामागे या मुलाचं काय, हा प्रश्न प्रत्येक घरात एकेकट्यानं विचारला जात होता. तो चारचौघांत बोलला गेला तेव्हा त्याची इमारत झाली. आर्वीत तसा बाक कुठे आहे? तपासणी वर्ध्याला, मोठे डॉक्टर सेवाग्राम-सावंगीला नाहीतर नागपूरला, थोड्यांचं अमरावतीला. वर्धा ५०-५५ किलोमीटर, पुलगावला जाणारी शकुंतला रेल्वे बंद पडलेली, भिस्त एसटीवर. एका कामासाठी एक दिवसाची मजुरी बुडते. असे पालक ज्याला-त्याला जमेल त्या दिवशी, वेगवेगळ्या ठिकाणी जातात आणि दिवस मावळायच्या आत परत येतात. भेट व्हायची कशी?

अशी घरं असतील तरी किती, असं कुणी विचारील. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. हे प्रमाण १३ लाखांच्या वर्धा जिल्ह्याला लावलं तर साधारण २९ हजार माणसं होतात, लहानथोर सगळी धरून. पण त्या जनगणनेत दिव्यांगत्वाचे प्रकार ८च होते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ते २१ केले आणि स्वमग्नता, वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता यांना त्यात स्वतंत्र जागा मिळाली. २०१८ साली देशातल्या पाच ठिकाणच्या मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात उत्तर गोव्याचाही समावेश होता. मेंदूच्या वाढीशी निगडित अडचणींपैकी किमान एक अडचण असलेल्या ६ ते ९ वर्षांच्या मुलांचं प्रमाण ठिकाणानुसार ६.५ ते १८.५ टक्के निघालं. वीस मुलांच्या वर्गात एक ते चार मुलं, असा त्याचा ढोबळ अर्थ. यातल्या पुष्कळांवर 'ढ', 'हट्टी', 'लक्षच देत नाही' असा शिक्का बसून ती पाचवी-सातवीपर्यंत येतात. तेव्हा हा मूठभर घरांचा प्रश्न नाही.

एका पालकाला दुसऱ्या पालकाकडून मिळतं काय, यावर धीर मिळतो, मन मोकळं होतं, असं उत्तर पटकन दिलं जातं. ते खरंही आहे. अमेरिकेत अनुभवी पालकाची गाठ नव्या पालकाशी घालून देणारे 'पॅरेंट टू पॅरेंट' कार्यक्रम बऱ्याच वर्षांपासून चालतात. जॉर्ज सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा ८० टक्क्यांहून अधिक पालकांनी मदत उपयोगी पडल्याचं सांगितलं, आणि मुलाचा आहे तसा स्वीकार करण्यातही फरक दिसला. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते धीरापलीकडचं, रोजच्या व्यवहाराचं ज्ञान. अपंगत्वाचा दाखला आरोग्य खातं देतं, शाळेतली सवलत शिक्षण खातं देतं, विशेष शाळा डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये जातो. या चारही खिडक्यांवर जाणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे पालक. यूडीआयडी कार्डासाठी कोणता कागद लागतो, आरटीईच्या २५ टक्के प्रवेशात दिव्यांग मुलाला उत्पन्नाची अट नाही, दहावीच्या पेपरला तासाला २० मिनिटं जादा आणि लेखनिक मिळू शकतो, 'निरामय' विम्यात १ लाखापर्यंतचा खर्च निघतो, मूल १८ वर्षांचं झालं की बौद्धिक अक्षमता असलेल्यासाठी पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे करावा लागतो, ही साखळी पुरती ठाऊक असलेला कर्मचारी शोधून सापडायचा नाही. तीन-चार वर्षं चपला झिजवलेल्या आईला मात्र ती पाठ असते. तिचं हे ज्ञान तिच्या मुलाचं काम झालं की वाया जातं, कारण ते पुढं द्यायला समोर कुणी नसतं.

थेरपी तरी साध्या माणसांच्या हाती देता येईल का, या शंकेचं उत्तर गोव्यात मिळालं आहे. गोवा आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडी इथे स्वमग्न मुलांच्या पालकांना, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी मुलाशी संवाद कसा साधायचा ते शिकवलं. त्या चाचणीचे निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पालक मुलाच्या कलानं घेऊ लागले आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करू लागली, असं त्यात दिसलं. बांगलादेशात सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या आया गटानं जमून जेवू घालणं, बसवणं, उचलणं शिकतील असा कार्यक्रम आखला गेला आणि पुढे तो इतर देशांतही गेला. यातून डॉक्टर नकोत असा अर्थ कुणी काढू नये. डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतो, उरलेले दिवस मूल घरात असतं, आणि त्या दिवसांचं शिक्षण गटात होऊ शकतं, एवढाच त्याचा अर्थ.

पहिला मोठा आक्षेप असा की पालकच एकमेकांना सांभाळू लागले तर सरकारला आयती सुट्टी मिळेल. या भीतीला आधार आहे. आपल्याकडे 'लोकसहभाग' हा शब्द अनेकदा रिकाम्या तिजोरीवर टाकलेल्या चादरीसारखा वापरला जातो. पण इतिहास उलट दिशा दाखवतो. इंग्लंडमध्ये १९४६ साली ज्युडी फ्रायड या आईनं पालकांची संघटना सुरू केली, तीच पुढे मेनकॅप झाली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या पालक संघटनेनं राज्याला कोर्टात खेचलं, १९७१ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मान्य करून घेतला, आणि १९७५ साली त्यासाठी देशव्यापी कायदा झाला. आपल्याकडे पालक संघटनांचा 'परिवार' हा महासंघ १९९५ मध्ये स्थापन झाला. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तर न्यासाच्या मंडळावर पालक संघटनांसाठी जागाच राखून ठेवल्या आहेत. एकटा पालक साहेबांपुढे विनंती करतो. पंचवीस पालक गेले की त्यांना लेखी उत्तर द्यावं लागतं.

आणि आर्वीत मागण्यासारखं बरंच आहे, तेही नवा कायदा न करता. ग्रामपंचायत, नगर परिषद, पंचायत समिती यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. तो कशावर होतो हे ग्रामसभेत किती जण विचारतात? शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना त्यात प्रमाणशीर जागा द्यायची, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. २०१२च्या दुरुस्तीनं दिव्यांग मूल त्या वंचित गटात आलं. म्हणजे पटावर अशी मुलं असतील तर त्यांच्या पालकांचा समितीवर कायदेशीर हक्क आहे, उपकार नाही. हा मुद्दा अनेक मुख्याध्यापकांच्या गावीही नसतो. पालकांच्या कुठून असणार?

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. पालकांच्या गटात अफवाही फिरतात. अमक्या वैद्याच्या पुडीनं मूल बोलायला लागलं, तमक्या गावी झाडाच्या पाल्यानं फरक पडला, मोठ्या शहरात इंजेक्शन घेतलं की स्वमग्नता जाते. स्वमग्नतेवर मूलपेशींचा उपचार शिफारसयोग्य नाही, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं, तरी अशा आशेपायी जमिनी गहाण पडू शकतात. पण अफवेला गट लागत नाही. ती मोबाइलवरून, नातेवाइकांकडून, गावच्या पारावरून घरात येतेच, आणि एकटा पडलेला पालक तिला लवकर बळी पडतो. तिथे पैसे घालवून आलेला दुसरा पालक समोर असेल तर निदान कुणीतरी 'थांबा' म्हणतं. गटाच्या बैठकीला विशेष शिक्षक आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकातले डॉक्टर अधूनमधून असावेत, ही अट मात्र मी घालीन. २०१३ साली हा कार्यक्रम आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. पथकं अंगणवाड्या-शाळांत फिरतातच, त्यांना नवीन वाट शोधायची नाही.

उरलेल्या अडचणी लाजेच्या आणि वेळेच्या. बहिणीचं लग्न जमायचं आहे म्हणून भावाचं दिव्यांगत्व झाकणारी घरं आहेत, त्यांच्यावर यादी लादता येणार नाही. म्हणून पालकाची लेखी संमती असल्याशिवाय नाव-पत्ता दुसऱ्याला जाऊ नये. पण संमती मागायला तरी कुणीतरी दारात जायला हवं. वेळेचं म्हणाल तर सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापसाच्या वेचणीत बैठक ठेवणाऱ्याला बैठक नकोच आहे, असं समजावं. गट कसा चालवायचा, हे वर्ध्याच्या बायांना शिकवायची गरज नाही. उमेद अभियानाच्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत वर्धा होता आणि बचत गटाची वही, पाळी, ठराव हे गावोगावच्या बायकांच्या हातचं काम आहे. खरी कमतरता बापांची आहे. मुलाला घेऊन रांगेत उभी आई, बैठकीला आई, शाळेत बोलावणं आलं की पुन्हा आईच. बाप फक्त सही करायला येणार असेल तर गटानं त्याची सही तेवढी नको म्हणावं.

कर्णबधिर मुलाच्या पालकाला स्वमग्न मुलाचं काय कळणार, असंही विचारलं जातं. दैनंदिन सांभाळाबाबत ते बरोबर आहे, म्हणूनच सारख्या अडचणीचे पालक जोडून देणं हे या कामाचं मर्म आहे. पण दाखला, निधी, शाळेतली जागा आणि १८ नंतरचं आयुष्य हे प्रश्न सगळ्यांचे एकच आहेत. तेव्हा मागण्यांसाठी मोठा गट आणि सांभाळाच्या शिकवणीसाठी त्यातल्या छोट्या जोड्या, अशी रचना तालुक्याला परवडेल.

हे करायचं कुणी, याचं उत्तरही समोर आहे. साध्या शाळांत विशेष शिक्षकांची पदं निर्माण करा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये बजावलं. महाराष्ट्रानं केंद्रस्तरावर एक याप्रमाणे ४,८६० विशेष शिक्षक पदं मंजूर केली. केंद्र म्हणजे शेजारच्या गावांतल्या शाळांचा गट, पालकांना जाऊन येता येईल एवढं अंतर. त्या शिक्षकाच्या कामात महिन्याला एक पालक बैठक लिहून टाका. जागा शाळेची, चहा आणि एसटीचं भाडं ५ टक्के निधीतून. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. आर्वीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी त्याआधी संमतिपत्रं गोळा करून पहिली बैठक बोलवावी, आणि बोलावणं आलं नाही तर पालकांनी गटसाधन केंद्रात जाऊन ते लेखी मागावं.