मोफत ॲप, भाड्याचे फडताळ

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मराठी मंडळांच्या सभांमध्ये अलीकडे एक सूचना हटकून येते. मंडळाचे एक ॲप असावे. त्यात जुने अंक, सभासदांची सूची, झालेच तर पंचांगही असावे. आणि ते अर्थातच मोफत असावे. सूचना टाळ्यांच्या गजरात संमत होते. मग एखाद्या सभासदाच्या संगणक शिकलेल्या मुलाकडे किंवा सुनेकडे ते काम सोपवले जाते आणि ‘मोफत’ या शब्दाचा हिशेब कोणीही मांडत नाही. तो एकदा मांडलाच पाहिजे.

प्रथम रोकड पाहू. ॲपलच्या दुकानात ॲप ठेवायचे तर ९९ अमेरिकी डॉलर, म्हणजे आठ हजार रुपयांहून अधिक, दरवर्षी भरावे लागतात. काही देशांतील सेवाभावी व शैक्षणिक संस्थांना ही रक्कम माफ होते. व्यक्तीला, मग ती कितीही निरपेक्ष वृत्तीची असो, होत नाही. वर्गणी थकली की ॲप दुकानातून उतरते. शिवाय ते तयार करण्यास व्यवहारात ॲपलचाच संगणक लागतो. गूगल प्लेचे शुल्क २५ डॉलर, तेही एकदाच. परंतु खाते व्यक्तीच्या नावे आणि १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेले असेल, तर किमान १२ जणांनी चाचणीत नाव नोंदवून सलग १४ दिवस त्यात राहावे लागते. त्यावाचून ॲप सर्वांसाठी खुले करण्याची परवानगी मागताच येत नाही.

याहून मोठा खर्च श्रमांचा आहे. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या येत राहतात, त्याप्रमाणे ॲपही सुधारत राहावे लागते. जे मागे पडते ते नव्या फोनवर नव्या वाचकाला मिळेनासे होते. दीर्घकाळ हात न लागलेली ॲपे ॲपलही काढून टाकते. कपाटातला छापील अंक वाळवीपासून जपला, तर पन्नास वर्षांनीही वाचता येतो. ॲपला एवढ्या उपेक्षेची सवड नसते.

दुकानांवर अन्याय करण्याचे कारण नाही. विनामूल्य ॲपवर ती दलाली घेत नाहीत. घातक ॲपे चाळणे आणि कोट्यवधी फोनांपर्यंत माल पोहोचवणे हे कामही खरेच आहे. रक्कमही डोळे पांढरे करणारी नाही. एका सत्कार समारंभातील शाल, श्रीफळ आणि हारतुरे यांवर आपण तेवढे सहज उधळतो. म्हणूनच आक्षेप दुकानांवर नाही, आपल्यावर आहे. शालीसाठी पैसा असतो. मात्र रात्री जागून मंडळाचे अंक फोनवर आणणाऱ्या तरुणाने वार्षिक शुल्कही पदरचे भरावे, अशी आपली अपेक्षा असते. त्याने ते भरून काढण्यासाठी अभंगाखाली कर्जाची जाहिरात लावली, की आपणच नाके मुरडतो.

‘मोफत’ म्हणजे काय, हे बडोद्याने आपल्याला शंभर वर्षांपूर्वी शिकवले आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांना पाचारण करून गावोगाव वाचनालये आणि पेटीतून हिंडणारी ग्रंथालये उभी केली. वाचकाला पुस्तक फुकट मिळे, पण ते फुकट तयार होते असा समज तेथे कोणाचाही नव्हता. गावाने वर्गणी जमवावी, स्थानिक मंडळाने व सरकारने आपला वाटा घालावा, अशी रीत होती. खर्च कोणी उचलायचा हे ठरलेले होते, म्हणूनच वाचकाकडून काही घ्यावे लागत नव्हते.

हीच रीत ॲपलाही लावावी. खाते मंडळाच्या नावे असावे, कोणाच्या मुलाच्या नावे नव्हे. तो नोकरीनिमित्त परदेशी गेला की ॲप पोरके होते. संस्थेच्या खात्यासाठी डन अँड ब्रॅडस्ट्रीट या कंपनीचा नऊ आकडी क्रमांक मिळवावा लागतो. हे किचकट असले तरी नोंदणीकृत मंडळाला अशक्य नाही, आणि गूगलची बारा जणांची अटही मग लागू होत नाही. अंदाजपत्रकात शुल्क, दुरुस्ती आणि करणाऱ्याचे मानधन यांसाठी स्वतंत्र रक्कम धरावी. ती धरता येत नसेल, तर ॲपचा हट्ट सोडावा.

कारण ॲपवाचूनही वाचक मिळतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणत्याही फोनवरून, कोणतेही दुकान न चढता उघडता येतो. संकेतस्थळालाही जागेचे भाडे द्यावे लागते. पण तेथे कंपनीची अनुमती लागत नाही आणि बिऱ्हाड हलवायचे झाले तर सामान आपले आपल्याला नेता येते. तेव्हा अंक प्रथम संकेतस्थळावर यावेत, त्यांच्या प्रती दोन-तीन ठिकाणी जपाव्यात, आणि ऐपत असेल तरच ॲप काढावे.

तरुण पिढी मोबाईलवरच वाचते, हे खरे. पण आपल्या ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात मराठी टिकवली, त्यांनी त्यासाठी वर्गण्या दिल्या, जागा दिल्या, पदरमोड केली. त्यांच्या वारसांनी मराठीच्या नावावर एका होतकरू मुलाचे श्रम आणि पैसे फुकट मागावेत, हे शोभत नाही. पुढच्या सभेत ॲपचा ठराव आला, तर त्याच ठरावात रक्कम आणि ती देणाऱ्याचे नावही लिहून घ्यावे.