पितळी खलातील माती

परभणी जिल्ह्यात गोदाकाठी आमच्या एका स्नेह्यांची थोडी जमीन आहे. गेल्या उन्हाळ्यात तेथील माती तपासण्यास पाठवावयाचे ठरले. काळी माती वाळली म्हणजे तिची ढेकळे दगडासारखी होतात, हे त्या बाजूच्या वाचकांस सांगावयास नकोच. घरच्या बाईंनी फडताळातील पितळी खलबत्ता काढला, ढेकळे कुटली, वस्त्रगाळ केली आणि शिकेकाईसारखी मऊ पूड पिशवीत भरून ठेवली. सुट्टीत आलेला, शेतकी शिकणारा भाचा ती पाहून म्हणाला, “मामी, मेहनत फार घेतलीत, पण ही आता नुसती शेताची माती उरली नाही. हिच्यात तुमचा खलबत्ताही उतरला आहे.” मामी किंचित रागावल्या. आमच्या मते तो त्यांचा हक्कच होता. कारण ‘जितके बारीक तितके चांगले’ हे आपण सुंठीच्या चूर्णापासून तांदळाच्या पिठीपर्यंत मानीत आलो आहोत.

परंतु भाच्याचे म्हणणे हिशेबास उतरते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. मराठवाड्याच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींत जस्ताची उणीव पुष्कळ ठिकाणी आढळते. एक किलो मातीत पिकास घेता येण्याजोगे जस्त सुमारे ०.६ मिलिग्रॅमहून कमी भरले, की जमीन उणी समजतात. अर्ध्या किलोच्या नमुन्यात ही मर्यादा ०.३ मिलिग्रॅमवर येते, आणि तेवढे जस्त मिलिग्रॅमभर पितळात असते. मोहरीचा दाणाही त्याहून जड! झिजलेले सगळेच जस्त तपासणीच्या द्रावणात उतरते असे नव्हे. तथापि थोडे उतरले, तरी उणी जमीन कागदावर संपन्न ठरावयाची, जस्त सल्फेट घालावयाचे राहून जावयाचे, आणि फिक्या पानांचा दोष बिचाऱ्या पावसाच्या माथी बसावयाचा.

मग माती दळतात तरी कशास? एक हेक्टर जमिनीचा वरचा अर्ध्या फुटाचा थर सुमारे वीस लाख किलो भरतो. सेंद्रिय कर्ब मोजण्याच्या नेहमीच्या रीतीत माती घेतात ती एक ग्रॅम. दोनशे कोटी ग्रॅमांच्या वतीने एकाने साक्ष द्यावयाची! त्यात पाचोळ्याचे एक तूस जास्त आले, तर साक्ष फिरते. म्हणून या कामी माती अर्ध्या मिलिमीटरच्या किंवा त्याहून बारीक चाळणीतून काढतात. काही यंत्रांस तर मातीचे काही मिलिग्रॅमच पुरतात. तेथे हाताचा खल थकतो व ‘बॉल मिल’ लागते.

हे यंत्र साधे आहे. आडव्या भांड्यात कठीण गोळे आणि नमुना घालून ते फिरवावयाचे. फार सावकाश फिरविले तर गोळे तळाशी नुसते लोळतात. फार वेगाने फिरविले तर गरगर फिरविलेल्या तांब्यातील पाण्याप्रमाणे भिंतीस चिकटून राहतात व कूट मुळीच होत नाही. पंचवीस सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यात मिनिटास सुमारे ८५ फेऱ्या झाल्या की ही चिकटण्याची पाळी येते. म्हणून ५५ ते ६५ फेऱ्यांत काम घेतात. अशा वेगात गोळे वर चढतात आणि नमुन्यावर कोसळतात. याचा ‘ग्रहगती’ प्रकारही असतो. त्यात भांडे चक्रासह फिरते, शिवाय स्वतःभोवती उलटे गिरकते, त्यामुळे आघात पुष्कळ पटींनी वाढतो.

मात्र येथेही मामींच्या खलाचीच गोष्ट. पोलादी गोळे लोह सोडतात, अकीकाचे सिलिका सोडतात, झिर्कोनियाचे झिर्कोनियम. जे मोजावयाचे नाही त्याचेच गोळे निवडावे लागतात. दोन नमुन्यांमध्ये स्वच्छ वाळू दळून भांडे साफ करतात. जात्यास टाकी लावल्यावर पहिले दळण टाकून देणाऱ्या आमच्या आज्यांस यात नवल वाटले नसते.

आणखी एक मौज अशी, की काळ्या मातीतील चिकण कण मुळातच ०.००२ मिलिमीटरहून लहान असतात. निसर्गाने ते आधीच दळून ठेवले आहेत! साध्या तपासणीत ढेकूळ फोडावयाचे असते, कण नव्हे. चुनखडीचे खडे भरडले तर मुळांस जो चुना भेटतच नाही, तोही हिशेबात येतो. आणि फार दळलेल्या मातीतून लोहासारखी द्रव्ये द्रावणात अधिक उतरतात. अर्थात जस्त-लोह पाहावयाचे असता बॉल मिल तर नकोच, पितळी चाळणीही नको. लाकडी पाट, लाकडी मोगरी, दोन मिलिमीटरची प्लास्टिकची चाळणी, एवढे पुरे.

परभणीस १९७२ साली कृषी विद्यापीठ निघाले. २०१३ साली त्यास वसंतराव नाईकांचे नाव देण्यात आले. २०१५ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेतील बारा तपासण्यांत जस्तही आहे. तेव्हा ही काळजी आता कोणा एका संशोधकापुरती उरलेली नाही.

मामींनी शेतातून दुसरी माती आणविली. मोगरी घरात नव्हती, म्हणून पोळपाटावर जुन्या लाटण्याने ढेकळे फोडली; पोळपाट अर्थातच त्या दिवसापासून स्वयंपाकघराबाहेर गेला. पहिली पिशवी तुळशीच्या कुंडीत रिकामी झाली.