संचारबंदी मोडली कोणी?

न्यूयॉर्क शहराने मॉट हेवनच्या मोर्चातल्या माणसांना प्रत्येकी २१,५०० डॉलर द्यायचे २०२३ मध्ये मान्य केले. अमेरिकेत स्थायिक झालेले आपले काही सुशिक्षित बांधव तेव्हापासून एकच पाढा घोकत आहेत. नुकताच एका गृहस्थांनी तो मला पुन्हा ऐकवला. संचारबंदी असताना रस्त्यावर उतरलेल्यांना पोलिसांनी धरले तर बिघडले काय? त्यांना पैसे देणे म्हणजे करदात्यांच्या खिशातून दंगलखोरांना बक्षीस. शिवाय शहराने चूक कबूल केलेलीच नाही. आणि अशाने पोलिसांचे मनोधैर्य खचते.

पहिल्याच मुद्द्यावर बाकीचे सगळे टेकलेले आहेत, म्हणून तो आधी. पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर दहा दिवसांनी, ४ जून २०२० रोजी, दक्षिण ब्रॉंक्समधल्या मॉट हेवन भागात सुमारे तीनशे लोकांचा शांततापूर्ण मोर्चा निघाला. संचारबंदी रात्री आठला सुरू होणार होती. आठला काही मिनिटे उरली असताना मोर्चा पूर्व १३६व्या रस्त्यावर पोहोचला. समोर सायकली आडव्या लावून पोलिसांची रांग उभी राहिली आणि मागून शिरस्त्राणे चढवलेली दुसरी तुकडी आली. घरी जाऊ द्या, असे लोक ओरडत होते. वाट दिली नाही. मग आठ वाजले आणि कोंडलेली माणसे त्या क्षणी गुन्हेगार ठरली! लाठ्या चालल्या, डोळ्यांत झोंबणारे फवारे मारले गेले, प्लास्टिकचे पट्टे मनगटांवर हात बधिर होईपर्यंत आवळले गेले. अडीचशेहून अधिक लोकांना अटक झाली. ह्यूमन राइट्स वॉचने निदान ६१ जखमींची नोंद केली. जखमींची मलमपट्टी करणारे स्वयंसेवक धरले. कायदेविषयक निरीक्षकांना संचारबंदीतून सूट होती, तरी त्यांनाही धरले. आणि दुसऱ्या दिवशी पोलिस आयुक्तांनी सांगितले की योजना जवळजवळ बिनचूक पार पडली.

म्हणजे ही योजना होती. चिडलेल्या जमावापुढे एखाद्या शिपायाचा तोल सुटला, असे म्हणायलाही जागा राहिली नाही. घराची वाट स्वतःच अडवायची आणि घरी का गेला नाहीस म्हणून लाठी हाणायची, याला जो कायदा-सुव्यवस्था म्हणतो त्याने संचारबंदीचे नावही काढू नये. त्या रात्री नियम पाळण्याची शक्यताच पोलिसांनी हिरावून घेतली होती.

‘चूक कबूल केली नाही’ हा युक्तिवाद तर जुनाच आहे. २००४ साली याच शहरात एका पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनावेळी सुमारे अठराशे लोक पकडले गेले, तेव्हाही तो आम्ही ऐकला. शहर न्यायालयात जवळपास दहा वर्षे भांडले. त्या अटकांपैकी एका रस्त्यावरची सरसकट धरपकड २०१२ मध्ये न्यायाधीशांनी बेकायदा ठरवली. घोळक्यात उभा होता एवढ्यावरून माणूस गुन्हेगार होत नाही, प्रत्येकाबद्दल वेगळे कारण लागते, हे त्यामागचे तत्त्व. २०१४ मध्ये शहराने सुमारे एक कोटी ऐंशी लाख डॉलर मोजले. कबुली तेव्हाही दिली नाही. तडजोडीत ती सहसा नसतेच. सहा वर्षांनी ब्रॉंक्समध्ये पुन्हा तोच सरसकट वेढा पडला.

दंगलखोर? या लोकांनी दंगल केलीच नव्हती. मनोधैर्य म्हणाल, तर निःशस्त्रांना मारण्यावाचून जे टिकत नाही ते खचलेलेच बरे.

राहिला करदात्यांचा पैसा. इथे त्या गृहस्थांची तक्रार खरी आहे, रोख मात्र चुकला. ही भरपाई शहराच्या सर्वसाधारण तिजोरीतून जाते आणि पोलिस खात्याच्या अंदाजपत्रकाला धक्काही लागत नाही. ती त्या खात्याच्याच तरतुदीतून वळती करावी. पुढच्या मोर्चाचा बंदोबस्त आखणाऱ्या अधिकाऱ्याला मागच्या वेढ्याचा खर्च आपल्या हिशेबात दिसला पाहिजे. सप्टेंबर २०२३ च्या वेगळ्या समझोत्यात शहराने असे वेढे सोडून देण्याचे आणि मोर्चांपुढे पोलिसबळ टप्प्याटप्प्यानेच वाढवण्याचे मान्य केले आहे. त्याची अंमलबजावणी होते की नाही, हे करदात्यांनी विचारत राहावे. आपल्या पैशांची एवढी काळजी असलेल्या त्या गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारावा.