लाल पेन

आपण काहीतरी लिहावं आणि ते चार लोकांनी वाचावं, असं मला वाटायला लागलं तेव्हा माझी सत्तरी उलटली होती. हौसेने दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर श्री काढला, तारीख घातली, आठ-दहा ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या वाचल्या आणि पान फाडून टाकलं. असं किती वेळा झालं म्हणून सांगू? वही निम्मी झाली पण लिहिलेलं एक पान शिल्लक नाही!

मनात येणारे प्रश्न ठरलेले. आपण कोण मोठे लागून गेलो? साधं बी.ए., तेही मराठी माध्यमातून. उभं आयुष्य तालुक्याच्या गावी फळ्यासमोर गेलं. सांगण्यासारखं असं घडलंय तरी काय? आणि एवढे थोर लेखक होऊन गेले असताना आपली ही लुडबुड कशाला? ह्याला मी बरीच वर्षं विनय समजत होते. आता वाटतं, तो विनय नव्हता. 'लिहीन तर उत्तमच लिहीन, नाहीतर नाही' हा चक्क अहंकार होता, फक्त विनयाचं लुगडं नेसून आलेला.

ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ज्ञानदेवांनी ह्याचं उत्तर देऊन ठेवलंय. राजहंसाची चाल डौलदार असते हे मान्य, पण म्हणून बाकीच्यांनी चालूच नये की काय, असं ते विचारतात. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, गीतेचा अर्थ संस्कृतातून मराठीत आणायला निघालेल्या ज्ञानदेवांनाही हा प्रश्न विचारावासा वाटला! मी हा अध्याय कितीदा वाचला असेल. पण तो आपल्यालाही लागू आहे, हे वही फाडताना एकदाही सुचलं नाही.

दुसरं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं. जन्म १८६८ चा. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, लिहिणं-वाचणं शिकल्या ते लग्नानंतर. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा त्यांनी पासष्टी गाठलेली होती. आणि पुस्तकात आहे काय? वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक, नवऱ्याचा विसरभोळेपणा, भांडणं, अबोले, स्वतःच्या फजित्या. 'सांगण्यासारखं काय आहे' हा प्रश्न त्या घेऊन बसल्या असत्या तर मराठी केवढ्या ठेव्याला मुकली असती! घडलेलं मोठं असावं लागत नाही, ते खरं सांगता आलं पाहिजे.

एवढं सगळं कळत होतं, तरी पान फाडलं जातच होतं. कारण वेगळंच होतं, आणि ते कळलं एका लग्नात.

थोडं मागे जायला हवं. १९८६ साल असेल. जळगाव जिल्ह्यातली आमची शाळा, सातवीचा वर्ग, निबंध 'माझी आई'. बहुतेक मुलांनी गाइडमधलं उतरवलेलं. एका मुलीने मात्र लिहिलं होतं, 'भाकर करताना मायचं ध्यान तव्यावर अन् डोये रस्त्यावर व्हते.' बाप कामावरून परतायचा होता म्हणून. मी 'मायचं', 'डोये', 'अन्', 'व्हते' ह्या चारही शब्दांभोवती लाल गोल केले. समासात शेरा लिहिला, 'शुद्ध भाषेत लिहावे.' दहापैकी चार गुण. त्यापुढचा निबंध तिने गाइडमधून लिहिला आणि मी सात दिले.

गंमत बघा, त्याच वर्गात मी बहिणाबाईंच्या कविता तल्लीन होऊन म्हणून दाखवायची! बहिणाबाई आसोद्याच्या, आमच्याच जिल्ह्यातल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात सुचलेलं घरच्यांनी लिहून ठेवलं. १९५१ मध्ये त्या गेल्या. मग सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. त्या कवितेतही ळ चा य होतो. पुस्तकात छापून आला की तो बोलीचा गोडवा, आणि पोरीच्या वहीत आला की चूक! मला तेव्हा हे खटकलंसुद्धा नाही.

ती मुलगी परवा लग्नात भेटली. पन्नाशीची बाई आता. वाकून नमस्कार केला, हसून म्हणाली, "बाई, मी अजून कुठे अर्ज द्यायचा तर पोराकडूनच लिहून घेते. माझं शुद्ध नाही ना." तिच्या मनात काही राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्यांच्या वह्यांवर बत्तीस वर्षं चालवलेलं लाल पेन आता माझ्याच वहीवर चालत होतं. आणि शुद्ध म्हणजे तरी काय? माझे वडील 'नांव', 'कांहीं' असं अनुस्वार देऊन लिहीत. १९६२ मध्ये लेखनाचे नवे नियम आले, १९७२ मध्ये त्यांत आणखी भर पडली, आणि वडिलांचे अनुस्वार चुकीचे ठरले. म्हणून त्यांच्या पत्रांतली माया कमी झाली का?

नियम नकोत असं मी म्हणत नाही. शिक्षिका आहे, म्हणणारही नाही. शंकाही हवीच, पण ती दोन जातींची असते. 'हे साल बरोबर आहे का, हा माणूस खरंच असं म्हणाला का' ही शंका लेखनाला निवडते, पाखडते. 'मला बोलायचा अधिकार आहे का' ही शंका मात्र पेरायच्या आधीच बियाणं भाजून टाकते. पहिली जवळ ठेवावी, दुसरीला दारातूनच परत पाठवावं.

मी आता तीन गोष्टी पाळते. एका ओळखीच्या माणसाला सांगतेय असं समजून लिहिते. लिहिलेलं त्याच दिवशी तपासत नाही, आठवड्याने मोठ्याने वाचते, जिथे जीभ अडखळते तेवढंच बदलते. आणि वही निळ्या शाईने लिहायची, लाल पेन घरात ठेवायचंच नाही.

त्या मुलीला मी फोन केला. तिचं ते वाक्य मला इतक्या वर्षांनी पाठ आहे आणि तेव्हा त्याला नऊ गुण द्यायला हवे होते, असं सांगितलं. बराच वेळ ती काही बोललीच नाही. "आईविषयी आणखी लिही, जसं बोलतेस तसंच लिही," म्हटलं, तर म्हणाली, "बाई, पण तुम्ही गोल करणार नाही ना?"

नाही करणार, असं कबूल केलंय. असो. तिचं पत्र अजून आलेलं नाही. मी वाट बघतेय.