दाराची पाटी, दोन लिप्यांची

आपल्या सीमाभागात पुष्कळ घरांच्या पाटीवर नाव दोनदा असते, एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये. पूर्वी हे काम रंगारी करायचा. चुकले तर पुसून पुन्हा लिहायचा. आता मुलांना लेझरने कापलेली पोलादी पाटी हवी असते, आणि पत्रा एकदा कापला की कापला. माझा भाचा लोंढ्यात घरी बसून अशा पाट्यांच्या फाईली करतो आणि बेळगावला उद्यमबागेत पाठवतो. त्याच्याजवळ बसून जे कळले ते सांगते.

समजा, पाटीवर ‘लोंढा’ एवढेच आरपार कोरायचे आहे. मराठी अनुस्वार म्हणजे ठिपका. त्याचे भोक पडले की झाले. कन्नडमधला अनुस्वार, म्हणजे सोन्ने, हे पोकळ वर्तुळ. ते कापले की मधला तुकडा निखळून पडतो. म्हणून त्याला धरून ठेवायला दोन बारीक पूल सोडावे लागतात. उलट, अक्षरेच कापून भिंतीवर लावायची असली तर मराठीला शिरोरेषा बांधून ठेवते, सुटतो तो फक्त ठिपका. कन्नड अक्षरे मात्र एकेक सुटी होतात. त्यांना मागून पट्टी लागते.

ओळखीच्या एका घरात सून धारवाडची. पाटी आली तेव्हा तिच्या लिपीतल्या सोन्नेची नुसती भोके झाली होती. ती म्हणाली, “इर्ली बिडि, अत्ते.” पण सासूबाई ऐकेनात. दुसरी पाटी येईपर्यंत दार तसेच राहिले.

फाईल देताना अक्षरांचे कर्व्ह करून डीएक्सएफमध्ये द्यावी. नाहीतर नुडी किंवा श्रीलिपीतले नाव दुसऱ्या संगणकावर भलतेच दिसते. प्रत्येक आकाराची रेषा बंद हवी. एकावर एक दोन रेषा असल्या तर यंत्र तिथे दोनदा कापते. मापे मिलिमीटरमध्ये आहेत हे लिहावे. ती इंच समजली गेली तर पाटी २५.४ पट मोठी!

कडा दुमडायची असेल तर आणखी एक हिशेब. २ मिमी पत्र्याचा, बाहेरून १०० आणि ५० मिमी मापाचा काटकोन हवा, आतली गोलाई २ मिमी, तर सपाट पत्रा १५० नव्हे, साधारण १४६.४ मिमी लागतो. नेमका आकडा बेंडिंगवाल्यालाच विचारावा, कारण तो त्याच्या साच्यावर ठरतो. दुमडीच्या रेषा वेगळ्या लेयरवर ठेवाव्यात, नाहीतर त्याही कापल्या जातील. स्क्रूचे भोक दुमडीला चिकटून नको. ते ताणून लंबगोल होते.

शेवटी ती फाईल कागदावर खऱ्या मापात छापावी, कात्रीने कापून, दुमडून दाराला लावून बघावी. मराठी सासूबाईंनी वाचावे, कन्नड सुनेने. दोघींनी मान डोलावली की मगच फाईल पाठवावी.