दिवे चालू, घर बंद

गेल्या डिसेंबरात न्यू जर्सीतल्या एडिसन गावातलं आमचं घर रोज साडेचारच्या सुमाराला, सूर्य मावळता मावळता, आपोआप उजळत होतं आणि आम्ही नाशिकला होतो. नाशिकला तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असत. भाचीच्या लग्नाच्या गडबडीतही मी दोनदा मुद्दाम गजर लावून उठले आणि फोनवर पाहिलं. छपराची कडा चालू, खिडक्यांच्या माळा चालू, अंगणातला रंगीत झोत चालू. प्रत्येकापुढे हिरवी खूण. समाधानानं पुन्हा निजले. पेशानं मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. बारा हजार किलोमीटरहून जास्त अंतरावरून आपलं घर दिवेलागणीला हजर राहतं, याचा मला थोडा गर्वच झाला होता.

परतल्यावर तिसऱ्या दिवशी शेजारीण आली, संकोचत. अंगणातल्या झोताची खुंटी ओल्या मातीत सैल झाली होती. वाऱ्यानं म्हणा, हरणानं म्हणा, तो दिवा फिरला आणि थेट तिच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीवर लागला. तिथे तिचं चार महिन्यांचं बाळ झोपतं. अकरा रात्री त्या खोलीच्या छतावर लाल-हिरवे ठिपके नाचत होते. शेवटी त्यांनी खिडकीला चादर ठोकली. दुसऱ्याच्या अंगणात, तेही कॅमेऱ्यासमोर, पाऊल टाकणं त्यांना प्रशस्त वाटलं नाही. फोन करावा तर आमचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. सात वर्षं आम्ही शेजारी आहोत.

काही जळलं नाही, कुणाला शॉक बसला नाही, फ्यूज उडाला नाही. यंत्रणेच्या हिशोबी सगळं सुरळीत होतं, आणि मला बोचलं ते नेमकं हेच. इथल्या आपल्या मराठी मंडळींतली बरीच घरं डिसेंबरच्या मध्याला भारतात निघतात आणि जानेवारीत परततात. जाताना रोषणाई फोनच्या हवाली करून जातात. माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या दिव्यापाशी दहा मिनिटांत पोचून तो बंद करील असं माणूस नाही, तो दिवा आपण नसताना लावू नये.

हे म्हणणं कुणाला जुनाट वाटेल, म्हणून आधी इतिहास सांगते. आपल्या गावाला ज्याचं नाव आहे त्या थॉमस एडिसननं इथल्याच मेन्लो पार्कमध्ये ३१ डिसेंबर १८७९ च्या रात्री आपल्या विजेच्या दिव्यांचं जाहीर प्रात्यक्षिक केलं. त्यानंतर तीन वर्षांनी, २२ डिसेंबर १८८२ ला, त्याचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं न्यू यॉर्कमधल्या आपल्या घरी ख्रिसमसच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे लावले. ते झाडही विजेवर गोल फिरत होतं. म्हणजे स्वयंचलित रोषणाई ही विजेच्या माळेइतकीच जुनी. यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. ओक ट्री रोडवर दिवाळीची खरेदी करून येणाऱ्या आपण मंडळींनी त्याच माळा धनत्रयोदशीला चढवाव्यात आणि नव्या वर्षापर्यंत ठेवाव्यात, यातही मला आनंदच वाटतो. जॉन्सनचं झाड फिरत होतं तेव्हा जॉन्सन घरात होता, एवढंच मी लक्षात आणून देते.

आता हरकती. पहिली आणि सर्वांत जोरदार हरकत सुरक्षिततेची असते: “आता सगळं एलईडी आहे, कसली आग नि कसलं काय?” यात तथ्य आहे. शंभर दिव्यांची जुनी बारीक बल्बांची माळ सुमारे ४० वॉट खायची, एलईडीची माळ पाच-सहा वॉटवर भागवते. दहा माळा रोज सहा तास महिनाभर जाळल्या तर जुन्या हिशोबात ७२ युनिटं होत, नव्यात दहाच्या आसपास. तारा तापत नाहीत, बिलही टोचत नाही. तरीही इथल्या अग्निसुरक्षेच्या संस्था झाडावरचे दिवे घराबाहेर पडताना बंद करा असंच सांगतात, आणि नॅशनल इलेक्ट्रिकल कोड सणाच्या तात्पुरत्या रोषणाईला ९० दिवसांची मुदत देतो. २०२५ ची धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला होती. त्या दिवसापासून संक्रांतीपर्यंत मोजले तर ८८ दिवस होतात. आपला सण कोडात जेमतेम बसतो! पण त्या ८८ दिवसांचा शेवटचा महिना म्हणजे पाऊस, बर्फ, गोठणं आणि वितळणं यांचा महिना. माळा तेव्हाच सर्वांत जास्त थकलेल्या असतात आणि नेमके तेव्हाच आपण नसतो.

घराबाहेरच्या सॉकेटवर दोन छोटी बटणं असतात, टेस्ट आणि रिसेट. तो जीएफसीआय. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या विजेत सुमारे पाच मिलिअँपिअरचा फरक पडला की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. माळेच्या जोडात पाणी शिरलं की तेच होतं. हे उपकरण माणसं वाचवतं, त्याला नमस्कार. पण त्याच्या रचनेतच एक गृहीत आहे: मी तोडीन, मग कुणीतरी येईल, काय भिजलंय ते पाहील, पुसेल आणि रिसेट दाबेल. ते बटण फोनवरून दाबता येत नाही, आणि येऊही नये.

माझ्या एका मैत्रिणीला याचा फटका बसला. तिच्या घरी बाहेरचं सॉकेट आणि गॅरेजमधलं सॉकेट एकाच जीएफसीआयवर होतं. जुन्या घरांत ही जोडणी सर्रास सापडते. ती पुण्याला गेली. दुसऱ्याच आठवड्यात पावसानं माळेचा जोड भिजला, पुरवठा तुटला आणि गॅरेजमधला डीप फ्रीझर बंद पडला. त्यात खवलेला नारळ होता, दोन डझन पुरणपोळ्या होत्या आणि सासूबाईंनी जाण्याआधी करून ठेवलेले उकडीचे मोदक होते. परत आल्यावर गॅरेजचं दार उघडलं तेव्हाच्या वासाचं वर्णन मी इथे करत नाही. फोनवर दिवे ‘ऑफलाइन’ दिसत होते. तिला वाटलं, वायफाय गेलं असेल.

दुसरी हरकत चोरांची. “अंधार दिसला की घर रिकामं आहे हे कळतं.” खरं आहे, पण नाचत्या रोषणाईनं ते झाकलं जात नाही. बाहेर झगमगाट, आतल्या एकाही खोलीत दिवा नाही, ड्राइव्हवेवर चार दिवसांचा बर्फ तसाच, त्यावर एकही पाऊल नाही, दाराशी खोकी साचलेली. यापेक्षा मोठी पाटी कुठली लावायची? चोर खरंच पाहणारा असेल तर तो बर्फ पाहील. चोरासाठी काही करायचंच असेल तर आतल्या दोन दिव्यांना टायमर लावा, टपाल खात्याला पत्रं रोखून ठेवायला सांगा (ते ३० दिवसांपर्यंत रोखतात) आणि बर्फ काढायला कुणाला तरी सांगून ठेवा. यातलं शेवटचं काम पुन्हा माणसाचंच आहे.

तिसरी हरकत मला सर्वांत जवळची वाटते: “गल्लीत सगळ्यांची घरं उजळलेली आणि आपलंच काळं? बरं दिसत नाही.” ही भावना मी हलक्यानं घेत नाही. इथे आपण नवे होतो तेव्हा पहिली माळ लावण्यामागे ‘आम्हीही इथलेच’ असं सांगण्याची धडपड होतीच. पण मग त्याच भावनेचं पुढचं पाऊल टाकायला हवं. भिंतीबाहेर लावलेला दिवा आपला असला तरी उजेड गल्लीचा असतो. तो कुणाच्या डोळ्यांवर येतो, कुणाच्या झोपेत येतो, त्याच्यापायी कुणाची गाडी अडते, याचं उत्तर देणारं कुणीतरी तिथे असायला हवं.

यातले दोन दाखले अमेरिकेत प्रसिद्ध आहेत. अर्कान्सॉ राज्यात लिटल रॉकला जेनिंग्ज ऑस्बर्न यांनी १९८६ मध्ये लेकीच्या हौसेखातर घरावर दिवे लावायला सुरुवात केली. पुढे ते लाखांच्या घरात गेले, बघ्यांच्या गाड्यांनी रस्ते तुंबले, शेजारी कोर्टात गेले आणि प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. १९९५ मध्ये ती रोषणाई फ्लोरिडाच्या डिस्नी उद्यानात हलली. दुसरा दाखला ओहायोतल्या मेसनचा. कार्सन विल्यम्स या इंजिनिअरनं घरावरचे सुमारे १६ हजार दिवे संगीताच्या तालावर नाचवले. २००५ मध्ये त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. आज आपली मुलं घरोघरी जे करतात, संगणकावर गाण्याच्या ठोक्याला दिवा जोडायचा आणि एफएमवर गाणं सोडायचं, त्या हौसेला बळ मिळालं ते त्यातून. एके रात्री त्याच्या घराजवळ अपघात झाला आणि गर्दीमुळे पोलिसांना पोचायला अडचण आली. विल्यम्सनं आपणहून खेळ बंद केला. तो तिथे होता म्हणून त्याला कळलं, आणि कळलं म्हणून त्यानं बंद केला.

“मग आणखी एक कॅमेरा लावू,” असं माझा मुलगा म्हणाला. लावू या. पण आमचा कॅमेरा आमचं दार पाहतो, आमचा रस्ता पाहतो. शेजारणीच्या छतावरचे ठिपके त्याला दिसणार नाहीत. दिवा फोनवरून बंद करण्याची सोय माझ्यापाशी होतीच की! एका बोटाचं काम होतं. तो बंद करायला हवा हेच मला ठाऊक नव्हतं. यंत्राला वेळ कळते. आता तर सूर्यास्ताची वेळही ते रोज नव्यानं काढतं, नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली तरी चुकत नाही. पूर्वीच्या फिरत्या चकतीच्या टायमरचं तसं नव्हतं. दोन तास वीज गेली की पठ्ठ्या दोन तास मागे, मग गल्ली झोपल्यावरही दिवे जळत राहायचे. तो दोष आता गेला. पाहण्याचं काम मात्र अजूनही कुणीतरी करावंच लागतं.

आणि हे आपल्याला नवं नाही. माझ्या आजोळी देवघरात नंदादीप असायचा. तो अखंड तेवतो असं म्हणायचं, पण त्याच्यामागे आजीचा हात अखंड असायचा: तेल घालणं, काजळी झाडणं, वात पुढे सारणं. घरची मंडळी चार दिवस गावाला निघाली की बांधाबांधीच्या आधी एक गोष्ट ठरायची, दिव्याकडे कोण बघणार. शेजारच्या काकू हो म्हणाल्या तर दिवा राहायचा. कुणीच नसेल तर आजी तो फुलानं शांत करून हात जोडायची आणि मग कुलूप लावायची. राखणदाराशिवाय जळता दिवा मागे सोडून जाणं तिला भक्ती वाटली नसती, निष्काळजीपणा वाटला असता.

म्हणून माझी सूचना दोन भागांत. पहिला भाग घरापुरता. निघण्याआधी नाचणारं, फिरणारं, हवेनं फुगणारं आणि जमिनीत खोचलेलं सगळं बंद करून काढून ठेवा. ठेवायचीच असेल तर दाराशी एक स्थिर माळ ठेवा, रात्री दहाला बंद होणारी. गॅरेजमधला फ्रीझर कुठल्या जीएफसीआयवर आहे ते टेस्टचं बटण दाबून आजच पाहा. आणि एका कागदावर चार ओळी लिहून शेजारी द्या: आमचा भारतातला नंबर, बाहेरच्या दिव्यांचा ब्रेकर कुठे आहे, चावी कुणाकडे आहे, आणि “त्रास झाला तर विचारायला थांबू नका, बंद करा.” ही शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. इथली माणसं परवानगीशिवाय हात लावत नाहीत. परवानगी आपण आधीच देऊन ठेवायची असते.

हा कागद आठ मैलांवरच्या मराठी मित्राला देऊन भागणार नाही. आपण चावी आपल्या माणसाला देतो आणि भिंतीपलीकडच्या माणसाचं आडनावही आपल्याला माहीत नसतं. आम्हाला सात वर्षं माहीत नव्हतं. फराळाचं ताट घेऊन एकदा जा, कागद त्याच ताटाबरोबर द्या.

दुसरा भाग आपल्या मराठी मंडळाचा. भारतात न जाणारीही कितीतरी कुटुंबं आपल्यात आहेत. कार्यकारिणीनं नोव्हेंबरात एक यादी करावी: कोण निघालंय, कोण इथे आहे, कुणाच्या गल्लीत कोण. राहणाऱ्यानं आठवड्यातून एकदा संध्याकाळी जाणाऱ्याच्या घरावरून चक्कर मारावी, दिवे लागले असताना. शेजारच्या घरांवर उजेड कसा पडतोय तेही पाहावं. पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या वर्षी भूमिका बदलतील.

या डिसेंबरातही आम्ही तीन आठवडे नसू. छपराची कडा बंद असेल, अंगणातला झोत गॅरेजमध्ये असेल. दाराशी फक्त आकाशकंदील लावून जाणार आहोत. त्याचं बटण कुठे आहे ते शेजारणीला दाखवलंय, आणि बाळ आता रात्रभर झोपतं असं ती म्हणाली.